नावडता राजा



आवडत्या आणि नावडत्या राणीच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत. 'नावडतीचं मीठ अळणी' ही म्हण तर आजही तोंडी असते. पण नावडत्या राजाची गोष्ट कुणी ऐकली आहे का? आम्ही तरी नाही. आवड-नावड राजाची. राणीने फक्त जीव लावायचा.

आपल्या बोलण्यातच बघा. आपण म्हणतो, 'मी प्रेम करते', पण 'मला आवडतं'. प्रेम करायचं असतं. सोबत राहून, एकमेकांचं दुखलंखुपलं बघून ते वाढतं. आवड मात्र मनात येते किंवा येत नाही. ती कुणाच्या हुकमाने येत नाही. म्हणून बाईला 'नवऱ्यावर प्रेम कर' हे सगळे सांगतात. 'तुला तो आवडतो का?' हे विचारत नाहीत, कारण उत्तर 'नाही' असं येऊ शकतं.

मुंबईच्या रखमाबाईंनी ते 'नाही' थेट कोर्टात सांगितलं. त्यांचा जन्म १८६४ चा. ११ व्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्या शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायकोने नांदायला यावं म्हणून मुंबई हायकोर्टात दावा केला. रखमाबाईंचं म्हणणं असं, की हे लग्न मला कळत नव्हतं तेव्हा लावलं, त्याला माझी संमती नव्हती. मी जाणार नाही.

१८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. नावडत्या माणसाकडे बाईला जबरदस्तीने पाठवणं क्रूरपणाचं आहे, असं त्यांनी म्हटलं. बाईची नावड कोर्टाच्या कागदावर आली! त्यावर मोठं वादळ उठलं. टिळकांच्या 'केसरी'नेही रखमाबाईंविरुद्ध लिहिलं. अपील झालं आणि मार्च १८८७ मध्ये निकाल फिरला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन.

शेवटी १८८८ मध्ये २,००० रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरतेला आणि पुढे राजकोटला त्यांनी बायकांवर उपचार केले. त्यांच्या खटल्यामुळे बालविवाहाची चर्चा देशभर पेटली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि मुलीचं संमतिवय १० वरून १२ झालं. आज आपल्याला ते किती कमी वाटतं! पण तेवढ्यासाठीही भांडावं लागलं.

आज मुलीच्या लग्नाचं वय १८ आहे. तरी 'नांदायला या' असा दावा करण्याची सोय हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये अजून आहे. नवराही तो करू शकतो, बायकोही. आणि मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा 'मुलगी पसंत आहे' हा निरोप अजूनही बहुतेक एकाच बाजूने येतो.

बचत गटाच्या बैठकीत लग्नाचा विषय निघाला की आपणच म्हणतो, 'लग्नानंतर होतं प्रेम.' खरं आहे, अनेकींचं झालं. सुखदुःखात साथ दिली की माया जडते. पण ज्याच्याकडे बघूनच मन मागे सरतं, त्याच्याबरोबर माया जडेलच याची हमी कोण देणार? आणि नाही जडली तर भोगणार कोण?

म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे. स्थळ आलं की लेकीला बाजूला घेऊन विचारा, 'तुला आवडला का?' विचारून गप्प बसा. तिला बोलू द्या. ती 'नाही' म्हणाली, तर तिच्या पाठीशी उभं राहा. रखमाबाईंच्या पाठीशी त्यांचं माहेर उभं होतं.