'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' : हप्ते आणि घाट

इंग्रजीच्या वर्गात कादंबरीच्या घाटाची चर्चा होते ती बहुधा संपूर्ण, बांधीव पुस्तक समोर ठेवून. चार्ल्स डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'बाबत ही सवय अपुरी पडते. ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात डिकन्सच्याच 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात ३६ हप्त्यांत प्रसिद्ध झाली. मुळात ती दरमहा एक याप्रमाणे वीस भागांत यावयाची होती. परंतु साप्ताहिकात चालू असलेली चार्ल्स लीव्हर यांची कादंबरी वाचकांना रुचेना, खप घसरू लागला. तेव्हा डिकन्सने आपली कादंबरी आटोपशीर करून तेथे आणली.

म्हणजे आकार व्यवहाराने ठरवला. त्या आकाराला अर्थ दिला तो डिकन्सने. कादंबरीच्या ५९ प्रकरणांचे तीन टप्पे आहेत. शीर्षकातील शब्दाचे अर्थही दोन : आशा, आणि वारशाने मिळू शकणारी संपत्ती. अठराव्या प्रकरणात वकील जॅगर्स पिपला त्याचे भाग्य उजळल्याची वार्ता देतो. दात्याचे नाव मात्र गुप्त ठेवतो. दाती मिस हॅविशमच, असे पिप गृहीत धरतो. एकोणचाळिसाव्या प्रकरणात, दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस, न्यू साउथ वेल्समध्ये जन्मभरासाठी हद्दपार केलेला कैदी मॅग्विच दारात उभा राहतो. मधले सुमारे तीन महिने तत्कालीन वाचकानेही पिपच्या भ्रमात काढले.

निवेदक हा प्रौढ पिप आहे; त्याला सारे ठाऊक आहे. तरीही तो तरुण पिपच्या समजुतीची मर्यादा ओलांडत नाही. मात्र पुरावा तो दडवीत नाही. दहाव्या प्रकरणात गुत्त्यातील एक अनोळखी इसम पिपने चोरून कैद्याला दिलेल्या कानशीनेच आपले पेय ढवळतो आणि पिपला दोन पौंडांच्या नोटा देऊन जातो. खूण स्पष्ट असते, तरी आपण ती विसरतो. संपत्ती हवेलीतूनच यावी, कैद्याच्या कष्टांतून नव्हे, ही पिपची वर्गीय धारणा आपलीही असते.

घाटाचे खरे कार्य हे आहे : तो वाचकाला पिपच्या दोषात सहभागी करून घेतो. म्हणूनच 'निवेदनतंत्राची वैशिष्ट्ये' सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एकोणचाळिसाव्या प्रकरणापाशी थांबवावे आणि दहाव्याकडे परत पाठवावे. ती कानस आपल्याला का दिसली नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारावा.