बुक्क्याची पुडी

पंढरपुरात आमचं बुक्का, अष्टगंध, तुळशीमाळांचं दुकान होतं. पणजोबा माळकरी, एकादशी कधी चुकली नाही. पण महारवाड्यातलं कुणी आलं, की पुढं केलेल्या ओंजळीत ते बुक्क्याची पुडी वीतभर वरून सोडत. पैसे फळीवर ठेवायला लावून त्यावर पाणी शिंपडत. “बुक्का विटाळत नव्हता बाबा, हात विटाळायचा,” आजी सांगायची.

1947 साली आजी घरात नवी सून होती. 1 मेला साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मागणी एकच, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं करा. त्याआधी काही महिने राष्ट्र सेवादलाची पोरं घेऊन ते महाराष्ट्रभर फिरले होते. कितीतरी गावांतल्या विहिरी, देवळं खुली झाली होती. पंढरीचं दार तेवढं बंद होतं. उपोषणाचा मार्ग गांधीजींनाही पटला नव्हता. गावात तर ‘साने, भीमेपार जा’ अशा घोषणा चालल्या होत्या.

मठाकडे फिरकायचं नाही, असं पणजोबांनी घरात बजावलं होतं. पण वैशाखातल्या आटलेल्या चंद्रभागेवर धुणं घेऊन गेल्या की बायका हळू आवाजात एकमेकींना विचारत, “गुरुजी आज कसे आहेत गं?” अखेर दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, मंदिराचे पुजारी बडवे तयार झाले आणि 10 मेला उपोषण सुटलं. ज्या महाद्वारापाशी महार संत चोखोबांची समाधी बाहेरच राहिली होती, तिथून त्यांची माणसं आत जायला मोकळी झाली.

गुरुजींना एवढ्यावर थांबायचं नव्हतं; भाषांमधली दारंही उघडायची होती. पूर्वी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांनी तमिळ ‘कुरल’ मराठीत आणलं होतं. प्रांताप्रांतांनी एकमेकांची भाषा शिकावी, ही ‘आंतरभारती’ची कल्पना त्यांनी 1949 च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडली. पुढच्याच वर्षी, 11 जून 1950 ला ते गेले.

आजीला आंतरभारती हा शब्द ठाऊक नव्हता. पण पणजोबांमागं दुकानात ती बसू लागली, तेव्हा कर्नाटकातून आलेल्या वारकऱ्यांना कानडीत “ऐदु रूपायी” म्हणून भाव सांगायची. त्यांच्या पुरंदरदासांचाही विठ्ठलच की, म्हणायची.

पणजोबांचा हात मात्र खाली आला नाही. मंदिर उघडल्यावरही ते पुडी वरूनच सोडत राहिले, थेट शेवटच्या आजारपणापर्यंत. पुडी गिऱ्हाइकाच्या तळहातावर टेकवून देणारं आमच्या घरातलं पहिलं माणूस आजी. त्यासाठी तिच्यासमोर कुणाला उपोषण करून दाखवावं लागलं नाही. तिनं त्याबद्दल एकदा ऐकलं होतं, चंद्रभागेवर.

वारीला आलात तर दर्शनाआधी तनपुरे महाराजांच्या मठाकडेही जाऊन या.