बिलातला स्थिर आकार आणि मुळशीचं पाणी



मागच्या महिन्यात आम्ही तुम्हाला सांगितलं होतं, की पुढच्या वेळी बसताना विजेचं बिल हाताशी ठेवा. आज ते समोर घ्या. चष्मा लागत असेल तर तोही घ्या, कारण अक्षर बारीक आहे.

आमच्या गटातल्या एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी चार महिने गावी होत्या. घराला कुलूप, फ्रीज रिकामा, मेन स्विच बंद. परत आल्या तेव्हा दारात चार बिलं पडलेली. युनिट शून्य आणि तरीही पैसे भरायचे. काकू म्हणाल्या, "अगं, मी दिवा लावला नाही, मग हे कसले पैसे?" आम्ही सगळ्या ते बिल घेऊन बसलो. उत्तर एका शब्दात होतं, स्थिर आकार. पण तो शब्द आला कुठून, तो न्याय्य आहे का, आणि वीज देणारा बदलला तर तो टळतो का, हे शोधता शोधता आम्ही शंभराहून जास्त वर्षं मागे गेलो. तीच गोष्ट आज सांगणार आहोत.

आधी बिल वाचू. त्यात मुख्य चार गोष्टी दिसतील. स्थिर आकार म्हणजे वीज वापरा, न वापरा, दर महिन्याला द्यायची रक्कम. वीज आकार म्हणजे वापरलेल्या युनिटांचे पैसे. त्याचे टप्पे असतात: शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत त्याहून जास्त, मग पाचशेपर्यंत आणि पुढे आणखी जास्त. वहन आकार म्हणजे तारांमधून वीज आपल्या घरापर्यंत आणण्याचे पैसे. शेवटी वीज शुल्क, म्हणजे सरकारचा कर.

स्थिर आकाराची कल्पना विलायतेतली. जॉन हॉपकिन्सन नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांनी १८९२ मध्ये एका व्याख्यानात असं मांडलं, की विजेच्या कारखान्याचा खर्च दोन तऱ्हेचा असतो. कोळशाचा खर्च वापराप्रमाणे कमीजास्त होतो. यंत्रं, तारा आणि माणसं मात्र तुम्ही दिवा लावाल त्या क्षणासाठी कायम तयार ठेवावी लागतात. म्हणून ग्राहकाकडून पैसेही दोन भागांत घ्यावेत. आपल्या भाषेत सांगायचं तर मांडववाल्यासारखं. पाहुणे पन्नास आले काय नि पाचशे आले काय, मांडवाचं भाडं ठरलेलं. ताटांचे पैसे मात्र जेवणाऱ्यांप्रमाणे.

हिशेब म्हणून हे बरोबर आहे. पण मांडवाच्या भाड्याची एक खोच आहे, ती आम्ही कागदावर करून पाहिली. समजा स्थिर आकार शंभर रुपये आहे. एका खोलीत एकटी राहणारी बाई महिन्याला चाळीस युनिट वापरते, म्हणजे तिच्या प्रत्येक युनिटमागे अडीच रुपये त्या आकाराचे पडले. जिच्या घरात दोन एसी आहेत, ती चारशे युनिट वापरते. तिच्या युनिटमागे पडले पंचवीस पैसे. म्हणून दर ठरवताना स्थिर आकार किती आणि युनिटचा दर किती, ही नुसती आकडेमोड नसते. कुणाच्या पदरात किती ओझं टाकायचं, ते तिथे ठरत असतं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. रस्त्यावर गॅसचे दिवे होते त्या काळात, १८८२ मध्ये, क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. ज्या कंपनीने ते लावले ती फार टिकली नाही. घराघरांत वीज न्यायचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं ते १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बेस्ट कंपनीमुळे. १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये बेस्ट महापालिकेच्या ताब्यात आली, आणि आजही कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत वीज देते ती बेस्टच. उपनगरांसाठी १९२९ मध्ये वेगळी कंपनी निघाली, तिला आपल्या आया-आज्या बीएसईएस म्हणत. पुढे ती रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये अदानींकडे. मुलुंड-भांडुपच्या बऱ्याच भागात महावितरण आहे. म्हणजे एकाच शहरात, पत्ता बदलला की वीज देणारा बदलतो आणि दरही बदलतो.

या सगळ्यांना वीज पुरवणारी आणखी एक कंपनी होती, टाटांची. तिची वीज सह्याद्रीतून यायची. लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधून, पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला १९१५ मध्ये वीज तयार होऊ लागली. ती मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. मग भिवपुरी झालं, १९२७ मध्ये भिरा झालं. भिऱ्याला पाणी येतं मुळशीच्या धरणातून.

मुळशी म्हटलं की आमच्या पुणे जिल्ह्यातल्या मैत्रिणींना पुढचं सांगायला नको. धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या. १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट पुढे होते. त्या सत्याग्रहात बायकाही होत्या. धरणाच्या कामावर त्या ठाण मांडून बसल्या, तुरुंगातही गेल्या. तीन वर्षं झगडा चालला. अखेर धरण झालं, भाताची खाचरं आणि घरंदारं पाण्याखाली गेली. मुंबईत दिवे लागले. त्या बुडालेल्या चुलींची किंमत कुठल्याही बिलात, कुठल्याही आकारात कधी लिहिली गेली नाही.

हे आम्ही उगाच सांगत नाही. वीज देणारा बदलण्याची जी गोष्ट आहे, ती इथूनच जाते.

वीज वाटायची तर परवाना लागतो. टाटांच्या कंपन्यांना असे परवाने मिळाले होते १९०७, १९१९, १९२१ आणि १९५३ साली. त्यातला १९२१ चा परवाना निळा-मुळा खोऱ्याचा, म्हणजे मुळशीच्या पाण्याचा. पुढे कितीतरी वर्षं टाटांनी वीज बनवायची, मोठे कारखाने आणि रेल्वे यांना थेट द्यायची, आणि घरोघर वाटायचं काम बेस्टने नि बीएसईएसने करायचं, अशी रीत पडून गेली. त्यामुळे घरगुती ग्राहकापुढे निवड हा प्रश्नच नव्हता. सासर जसं मिळेल तसं, तशी वीज.

मग २००३ मध्ये नवा वीज कायदा आला. त्यात एकाच भागात एकाहून जास्त परवानाधारक असू शकतात, असं मान्य केलं. त्याच कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात वापराच्या पैशांखेरीज स्थिर आकारही घेता येईल, असं लिहिलं आहे. काकूंच्या बिलातल्या त्या रकमेला आधार आहे तो इथला.

इकडे टाटांना उपनगरांतल्या लहान ग्राहकांना वीज देता येते की नाही, यावर दोन कंपन्यांचा वाद पेटला. वीज नियामक आयोग, अपील न्यायाधिकरण असं करत तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ८ जुलै २००८ रोजी निकाल लागला. न्यायालयाने ते जुने परवाने वाचले आणि सांगितलं, की टाटांना किरकोळ ग्राहकांनाही वीज देण्याचा अधिकार आहे. मैत्रिणींनो, ज्या कागदाच्या जोरावर मुळशीचं खोरं बुडालं, तोच कागद ऐंशी-नव्वद वर्षांनी अंधेरी-बोरिवलीच्या बाईला निवडीचा हक्क देणाऱ्या कागदांत होता. हे वाचलं तेव्हा आम्ही थोडा वेळ गप्प बसलो होतो.

हक्क मिळाला, पण तारा? प्रत्येक गल्लीत दुसऱ्या तारा टाकायच्या तर रस्ते पुन्हा खणायचे आणि त्याचाही खर्च शेवटी आपल्याच बिलात येणार. १५ ऑक्टोबर २००९ रोजी आयोगाने वाट काढली. वीज टाटांची घ्या, ती येईल आधीच्या कंपनीच्या तारांवरून, आणि त्या तारांचं भाडं म्हणून वहन आकार द्या. त्या वेळी उपनगरांत दरवाढीवरून मोठी ओरड चालू होती, आणि टाटांचे दर कमी होते. लोकांनी अर्ज भरले. घरातला बल्ब तोच, तार तीच, फक्त बिलावरचं नाव वेगळं.

इथपर्यंत गोष्ट गोड वाटते. आता खरी गोम ऐका.

आपल्याकडे टप्प्यांचे दर असतात, ते का? जास्त वापरणाऱ्याकडून थोडं जास्त घ्यायचं आणि कमी वापरणाऱ्याला थोडं स्वस्त द्यायचं, म्हणून. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. आता बदलण्याचा सर्वात जास्त फायदा कुणाला? ज्यांचा दर जास्त त्यांना. मोठी दुकानं, मोठे फ्लॅट आधी निघाले. मागे राहिल्या त्या छोट्या बिलाच्या बायका, आणि त्यांना स्वस्त वीज देण्यासाठी ज्यांचा हातभार लागत होता तेच निघून गेले. भिशीसारखं आहे हे. मोठा हप्ता भरणारे उठून गेले, की उरलेल्यांच्या डब्यात काय राहणार?

म्हणून २०११ मध्ये आयोगाने सोडून जाणाऱ्यांवर अधिभार बसवला, आणि जुनी तूट भरून काढण्याची रक्कमही त्यांच्याकडून घ्यायचं ठरवलं. ज्यांनी नुसता युनिटचा दर बघून उडी मारली होती, त्यांचं गणित बदललं. मग ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने आणखी एक पाऊल टाकलं. महिन्याला तीनशे युनिटांपर्यंत वापरणाऱ्या घरांनाच वर्षभर या पद्धतीने बदल करता येईल, आणि टाटांनी ठरावीक भागांत स्वतःचं जाळं टाकावं, असा आदेश दिला. छोट्या बाईचा विचार निदान तिथे झाला. हा आदेश पुढे २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने बाजूला ठेवला. त्यानंतरही दर वर-खाली होत राहिले. आज जी कंपनी स्वस्त, ती चार वर्षांनी स्वस्त असेलच असं नाही. काही घरं गेली, आणि काही परतही आली.

शहरात, बेस्टच्या भागात मात्र असं सहज जमलं नाही. कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमात स्थानिक संस्थेला सवलत आहे, तिच्या तारा दुसऱ्याला वापरू देण्याची सक्ती तिच्यावर नाही. गिरगावातली बहीण म्हणते, "तुम्हाला बदलता येतं, आम्हाला का नाही?" तिचा प्रश्न रास्त आहे. पण बेस्टच्या विजेच्या पैशांवर वर्षानुवर्षं बसचा तोटा सोसला गेला, आणि त्या स्वस्त बसमधून आपणच कामाला गेलो, हेही विसरता येत नाही. आणि मुंबईबाहेर, जिथे महावितरण एकटीच आहे, तिथल्या मैत्रिणींना तर हा सगळा वाद म्हणजे शेजारणीच्या घरातल्या दोन फ्रीजची गोष्ट.

मग काकूंना आम्ही काय सांगितलं?

पहिलं, कंपनी बदलून स्थिर आकार सुटत नाही. तो सगळीकडे आहे, रक्कम कमीजास्त असेल. घर वर्षानुवर्षं बंद राहणार असेल, तर जोडणी रीतसर बंद करण्याचा अर्ज करावा आणि पोच घ्यावी. चार महिन्यांसाठी ते परवडत नाही, कारण पुन्हा जोडणी घेण्याचा खर्च आहे. दुसरं, बदलण्याचा विचार असेल तर एकाच महिन्याचं बिल बघू नका. मे आणि जानेवारी, दोन्ही बिलं काढा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, अधिभार, सगळं मिळवून बेरीज करा आणि मग दोन्हीकडची बेरीज शेजारी-शेजारी मांडा. नुसता युनिटचा दर म्हणजे नुसता साडीचा पदर बघून साडी घेणं. तिसरं, आपला टप्पा ओळखा. पंचाण्णव युनिट आणि एकशे पाच युनिट यांत दिसायला फरक थोडा, पण वरच्या पाच युनिटांना दर वेगळा.

आणि चौथं, सर्वात महत्त्वाचं. कायद्याच्या चौसष्टाव्या कलमाप्रमाणे दर ठरवण्याआधी आयोगाने लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेतल्याच पाहिजेत. त्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, जनसुनावणी होते. तिथे कंपन्यांचे वकील असतात, कारखानदारांचे प्रतिनिधी असतात. पुण्याच्या प्रयाससारखी संस्था अभ्यास करून ग्राहकांची बाजू मांडत आली आहे. पण चाळीस युनिटवाली बाई तिथे किती वेळा दिसते?

१९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या, हातात लाटणं घेऊन. रॉकेल, साखर, तेल, धान्य मिळावं म्हणून. त्यांना कुणी जनसुनावणीचं आमंत्रण दिलं नव्हतं. आपल्याला कायद्यानेच दिलं आहे, आणि आपण घरी बसतो.

आमच्या गटाने ठरवलं आहे. पुढच्या वेळी दराची जाहीर सूचना निघाली, की एका पानाची हरकत लिहायची. भाषा साधी, मराठीच. मागणी एकच, की दर वाढवायचेच असतील तर ते स्थिर आकारात घालू नका, कारण तो छोट्या घराला जड जातो. तुमच्या गटाने लिहायचं ठरवलं तर आम्हाला कळवा, आमचा मसुदा आम्ही इथे वाचून दाखवू. त्या पानावर पहिली सही काकूंची असेल.

आता बिल नीट घडी घालून ठेवा. फेकू नका. मेमधलं बिल जानेवारीत लागणार आहे.

भेटू पुढच्या महिन्यात. नमस्कार.