किंदनाराचे कीर्तन

बदलीच्या निमित्ताने मी चेन्नईला आलो आणि टी. नगर भागात बिऱ्हाड केले, तोवर विडंबनगीतांविषयी माझे मत फारसे अनुकूल नव्हते. माझे आजोबा कीर्तनाचे निष्ठावंत श्रोते. लहानपणी खांद्यावर उपरणे टाकून मी बुवांची नक्कल केली, तेव्हा त्यांनी मला देवासमोर नाक घासायला लावले होते. ज्याच्यापुढे हात जोडायचे त्याची थट्टा करू नये, हा धडा एम. ए. झाल्यावरही माझ्या मनातून गेला नाही. अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ वाचून मी पोटभर हसलो खरा. पण हसल्याबद्दल थोडा ओशाळलोही.

टी. नगरात जी. एन. चेट्टी रस्त्यावर एक पुतळा आहे. तो सेनापतीचा नव्हे, विनोदी नटाचा आहे. हे एन. एस. कृष्णन. लोक त्यांना ‘कलैवाणर’ म्हणत. नागरकोविल येथे १९०८ साली जन्मलेला हा नट १९५७ साली निवर्तला. त्याच्या पुतळ्याचे अनावरण जानेवारी १९६९ मध्ये मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी केले. पुढे महिनाभरातच त्यांचेही निधन झाले. विनोदी नटाला एवढा मान कशासाठी, असे मी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले. ते हसले आणि त्यांनी मला घरी बोलावून १९४९ सालचा ‘नल्ल तंबी’ हा चित्रपट दाखविला.

त्यात कृष्णन कथेकरी होऊन उभे राहतात आणि ‘किंदनार चरित्र’ सांगतात. मूळ कथा नंदनाराची. आपल्या चोखोबांप्रमाणे अस्पृश्य गणल्या गेलेल्या या शिवभक्ताला चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन हवे होते. एकोणिसाव्या शतकात गोपाळकृष्ण भारती यांनी त्याचे चरित्र गीतांत रचले, आणि १९४२ सालच्या ‘नंदनार’ चित्रपटाने ते पुन्हा घरोघर नेले. कृष्णन यांचा किंदनार मात्र देवदर्शनासाठी नव्हे, शिकण्यासाठी शहराची वाट धरतो. ढंग तोच, आळवणी तीच. ध्यास तेवढा शाळेचा! मद्रास प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ साली झाला होता. देवळाचे दार उघडले, आता शाळेचे काय, असा प्रश्नच या हास्यातून विचारला आहे, असे मला वाटले.

तरीही माझ्या तोंडून गेले, “पण ही कीर्तनाची थट्टा झाली.” त्यावर ते गृहस्थ म्हणाले, “अहो, ही कथा करण्याची रीत तर तुमच्याकडूनच आली!”

त्यांचे म्हणणे खरे होते. तंजावरात मराठ्यांचे राज्य व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत टिकले, आणि त्यांच्या आश्रयाने मराठी कीर्तन तेथे रुजले. मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांची धाटणी उचलून तंजावर कृष्ण भागवतर यांनी तिला कर्नाटक संगीताची जोड दिली. तमिळ कथाकालक्षेपाला आजचे रूप त्यातून आले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे तेथील भागवतरांच्या तोंडी अद्याप आहेत.

विडंबनाचे हे ऐतिहासिक मोल माझ्या तोपर्यंत ध्यानात आले नव्हते. परक्या वस्तूचे विडंबन रंगत नाही. मूळ चाल कानात असेल, पुढचे पद कोणते येणार हे ठाऊक असेल, तरच श्रोता हसतो. किंदनाराला पाहून तमिळ प्रेक्षक हसला, याचा अर्थ तंजावरच्या मराठी कीर्तनाचे रोप तेथे पूर्णपणे घरचे झाले होते. सनदा आणि शिलालेख राज्य होते एवढे सांगतात; ते लोकांच्या गळ्यात उतरले होते, याची साक्ष असे एखादे हास्यच देते.

तेव्हापासून मी विडंबनगीतांचा चाहता झालो आहे. आजोबा आज असते, तर त्यांना मी एकच सांगितले असते : त्या दिवशी बुवांची नक्कल मला साधली, कारण कीर्तन मी मनापासून ऐकले होते.