गिझर, बंब आणि खजाना बावडी

१/ गेल्या हिवाळ्यात बीडच्या आमच्या घरी गिझरमधून गरम पाण्याची करंगळीएवढी धार येऊ लागली. थंड पाण्याचा नळ मात्र जोरात वाहत होता. 'गिझर जुना झाला, नवा घ्या,' असा सल्ला मिळाला. आजी म्हणाली, "आधी पाणी कुठं अडलंय ते बघा." तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठवाड्याचा जलइतिहास कामी आला. त्याविषयी हा धागा.

२/ गिझर पाणी तापवतो. दाब निर्माण करीत नाही. दाब येतो उंचीतून. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे १ किलो असतो. टाकी शॉवरपेक्षा २ मीटरच उंच असेल, तर त्याचा पाचवा हिस्साच मिळतो.

३/ आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. बीडची खजाना बावडी सोळाव्या शतकातली, मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधलेली. तिचे पाणी भूमिगत कालव्यातून केवळ उताराच्या बळावर शेतमळ्यांपर्यंत जाते. मोट नाही, पंप नाही.

४/ औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीत तर दूरच्या उंच झऱ्याचे पाणी बंद नळांतून आणून भिंतीवर चढवले आणि तेथून पाडून जाते फिरवले. नळ बंदिस्त असेल, तर उगमाची उंची पाण्याला पुन्हा वर चढवते.

५/ परंतु वाटेत हवा कोंडली किंवा गाळ साचला, की उंची असूनही प्रवाह मंदावतो. म्हणूनच १७५०च्या सुमारास कात्रजहून पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणताना मार्गात उच्छ्वास बांधले गेले. तेथे हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे.

६/ आता घरात येऊ. जुन्या तांब्याच्या बंबांपैकी काहींत नरसाळ्यातून जितके थंड पाणी ओतावे, तितकेच गरम पाणी चोचीतून बाहेर पडे. गिझरही असाच चालतो. थंड पाणी तळाशी शिरते आणि वरचे गरम पाणी बाहेर ढकलते. म्हणजे गरम धार बारीक झाली, तर थंड पाण्याची आत येणारी वाटही तपासावी लागते.

७/ तपासणीचा क्रम असा. गरम पाणी एकाच नळाला कमी येत असेल, तर दोष त्या नळाच्या किंवा शॉवरच्या जाळीत. सगळ्या नळांना कमी असेल, तर गिझरच्या आतल्या वाटेचा कॉक पूर्ण उघडा आहे का, तेथील झडप व जाळी चोंदली आहे का, बाहेर जाणाऱ्या पाइपात क्षार साचले आहेत का, ते पाहावे. थंड पाण्यालाही जोर नसेल, तर टाकीची उंची आणि मुख्य पाइप तपासावा. गिझर उघडण्यापूर्वी वीज बंद करून पाणी निवू द्यावे. सुरक्षा झडप कधीही बुजवू नये.

८/ क्षार येतात कोठून? आपल्याकडे बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते तापले, की विरघळलेला चुना पांढऱ्या थराच्या रूपाने बाहेर पडतो. बंबाच्या आत हाच थर चढे. तो खरवडून काढावा लागे.

९/ आमच्या घरी आतल्या झडपेत असाच पांढरा खडा निघाला. तो काढताच धार पूर्ववत झाली आणि नव्या गिझरचा खर्च टळला. खजाना बावडी पाहायला जाल, तेव्हा त्या कालव्याची वाट मोकळी ठेवणाऱ्या अनाम हातांचीही आठवण ठेवा.