बर्गरच्या रोगाचा पूर्वेतिहास
1879 साली ऑस्ट्रियाचे शल्यविशारद फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी एका 57 वर्षांच्या गृहस्थाचा छेदलेला पाय तपासून त्यातील धमन्या व शिरा दाहाने आतून बुजल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आणि योगायोग असा की, ज्याचे नाव पुढे या रोगास कायमचे लागले तो लिओ बर्गर त्याच वर्षी व्हिएन्नात जन्मास आला. बालपणीच अमेरिकेत गेलेल्या या वैद्याने 1908 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात असे 11 छेदित अवयव अभ्यासले. त्यात त्यास आढळले ते वार्धक्यातील धमनीकाठिण्य नव्हे. रक्तवाहिनीची भिंत पुष्कळशी शाबूत राहून तिच्या पोकळीत दाहपेशींनी भरलेली गुठळी साचते, असा हा सर्वस्वी निराळा विकार होता.

बर्गर यांचे बहुसंख्य रुग्ण पूर्व युरोपातून आलेले ज्यू असल्याने हा त्या वंशाचाच रोग, असा ग्रह दीर्घकाळ टिकला. तो अन्यायाचा होता, असे मी स्पष्टच म्हणेन. कारण पुढे जपान, कोरिया, भारत अशा दूरदूरच्या देशांत, जिथे ज्यू वस्ती नाममात्र, तिथेही तरुण पुरुषांची बोटे काळी पडताना दिसली, आणि सर्वांत समान गोष्ट निघाली ती तंबाखू.

निदानाची साधने प्रथम साधीच होती. पाय उंच धरला असता पांढराफटक व्हावा आणि खाली सोडताच लाल व्हावा, हे लक्षण बर्गर यांनीच नमूद केले. तर 1929 साली एडगर ॲलन यांनी मनगटाशी अंगठ्याकडील धमनी दाबून, रुग्णास मूठ आवळून उघडावयास लावून, तळहातास रंग परततो की नाही यावरून करंगळीकडील धमनीची खात्री करून घेण्याची युक्ती सांगितली. तीच परीक्षा थोड्या फरकाने आजही अतिदक्षता विभागांत रूढ आहे.

इलाजाचा इतिहास मात्र खिन्न करणारा आहे. कंबरेच्या अनुकंपी मज्जातंतूंचा छेद करून रक्तवाहिन्या शिथिल करण्याची तजवीज 1920 च्या दशकापासून चालली आणि वेदना काहीशा शमल्याही, पण धूम्रपान चालू असेतो बोटे, पाऊल, पोटरी अशी चढती कापाकापी थांबेना. तंबाखू पूर्णतः सुटल्यास अवयव बहुधा वाचतो. दिवसाकाठी एकदोन सिगारेटी उरल्या तरी रोग जागा राहू शकतो. म्हणून सिन्नर वा भंडारा-गोंदियाच्या मुलखात, जिथे विडीवर हजारो घरांची चूल पेटते, पायाच्या बोटावरची जखम भरत नाही म्हणून आलेल्या तरुणास वैद्याने नाडी पाहण्याच्या आधी विड्यांचा हिशेब विचारला पाहिजे.