एकगठ्ठ्याची कुळकथा

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक असली की टीव्हीवरचा तो नकाशा आपल्याही ओळखीचा झालाय. एकेक राज्य लाल नाहीतर निळ्या रंगानं भरत जातं. पेनसिल्व्हेनियात एखादा उमेदवार थोडक्या मतांनी पुढे गेला, तरी त्या राज्याची १९ च्या १९ इलेक्टोरल मतं त्याच्या पदरात पडतात. हरलेल्याला लाखो लोकांनी मतं दिलेली असतात, पण त्याच्या वाट्याला शून्य. एवढा पक्का नियम घटनेतच असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. घटनेत तो नाही. राज्याची मतं एकगठ्ठा द्यायची ही चाल घटनेनंतर बारा-तेरा वर्षांनी रूढ होऊ लागली, आणि तिच्यामागे तत्त्वापेक्षा एका पराभवाचा सल जास्त होता.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहिली जात होती, तेव्हा अध्यक्ष कसा निवडायचा यावर कितीतरी दिवस गाडी अडून राहिली. तिथले एक प्रतिनिधी जेम्स विल्सन यांना थेट जनतेचं मत हवं होतं. थेट मतदानात दक्षिणेचं नुकसान होईल, ही अडचण दुसरे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी उघड बोलून दाखवली; कारण तिथल्या लोकसंख्येचा मोठा हिस्सा गुलामांचा, आणि गुलामांना मत नाही. मधला मार्ग म्हणून इलेक्टर आले, म्हणजे राज्यातर्फे अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारी माणसं. राज्याचे प्रतिनिधीगृहातले सदस्य अधिक दोन सिनेटर, तेवढे त्या राज्याचे इलेक्टर. प्रतिनिधी ठरवताना गुलाम तीन-पंचमांश धरून मोजले जात होते, म्हणजे ज्यांना मत नाही त्यांच्या डोक्यांचं वजन अध्यक्षाच्या निवडणुकीतही मालकांच्या पारड्यात गेलं. या यंत्रणेचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.

पण हे इलेक्टर नेमायचे कसे? त्यावर घटनेत एवढंच आहे की राज्याचं विधिमंडळ सांगेल त्या पद्धतीनं. पुढचा सगळा इतिहास या एवढ्याशा फटीतून आत आला.

पहिल्याच निवडणुकीत प्रत्येक राज्यानं आपापली तऱ्हा काढली. व्हर्जिनियानं जिल्हे पाडले आणि जिल्ह्यागणिक एक इलेक्टर लोकांकडून निवडला. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडनं सगळ्या राज्याचं मिळून मतदान घेतलं. काही ठिकाणी विधिमंडळानंच नावं ठरवली. न्यूयॉर्कची दोन्ही सभागृहं भांडत बसली आणि एकही इलेक्टर नेमला गेला नाही. १७८९ मध्ये वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली ती न्यूयॉर्क शहरात; पण त्यांना मिळालेल्या ६९ मतांत न्यूयॉर्कचं एकही मत नव्हतं.

वॉशिंग्टन होते तोवर पद्धतीनं काही बिघडत नव्हतं. ते निवृत्त झाले आणि १७९६ मध्ये जॉन अ‍ॅडम्स व थॉमस जेफरसन समोरासमोर आले. अ‍ॅडम्स ७१, जेफरसन ६८. आता या आकड्यांच्या पोटात जरा शिरू या. व्हर्जिनिया हे जेफरसन यांचं स्वतःचं राज्य, पण तिथे जिल्हावार निवड असल्यामुळे लेव्हन पॉवेल नावाच्या इलेक्टरनं आपलं मत अ‍ॅडम्स यांना दिलं. नॉर्थ कॅरोलायनातही असंच एक मत निसटलं. ही दोन मतं जेफरसन यांच्याकडे राहिली असती, तर हिशोब ७० विरुद्ध ६९ झाला असता आणि जिंकायला ७० च लागत होती. दोन जिल्ह्यांनी आपलं मन मोकळेपणानं सांगितलं आणि अध्यक्ष बदलला.

हा हिशोब जेफरसन विसरले नाहीत. जानेवारी १८०० मध्ये त्यांनी व्हर्जिनियाचे गव्हर्नर जेम्स मन्रो यांना पत्र लिहिलं. सगळीच राज्यं जिल्हावार निवडत असतील तर तीच पद्धत उत्तम, हे त्यांनी मान्य केलं. पण सोळांपैकी दहा राज्यं एकगठ्ठा मतं देत असताना उरलेल्या सहांनी मागे राहणं हा मूर्खपणा आहे, असंही लिहिलं. मला ही कबुली फार महत्त्वाची वाटते. चांगलं काय हे कळत होतं. इतर तसं वागत नाहीत म्हणून ते सोडलं गेलं. त्याच महिन्यात व्हर्जिनियानं जिल्हे मोडीत काढले. आता मतदाराला एकाऐवजी २१ इलेक्टरांची नावं कागदावर लिहायची होती. ती लक्षात कोण ठेवणार? म्हणून पक्षाच्या माणसांनी हातानं लिहिलेल्या याद्या गावोगाव पोचवल्या. त्या २१ नावांच्या कागदावरच राज्यभर पसरलेली पक्षाची यंत्रणा उभी राहिली.

व्हर्जिनियानं हे केल्यावर अ‍ॅडम्स यांच्या मॅसॅच्युसेट्सनं लोकांकडून निवड काढून घेतली आणि विधिमंडळाच्या हाती दिली. न्यूयॉर्कमध्ये नवं विधिमंडळ जेफरसन यांच्या पक्षाच्या ताब्यात जाताच अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना लिहिलं, की जुनं विधिमंडळ तातडीनं बोलवा आणि जिल्हावार निवड लागू करा. म्हणजे व्हर्जिनियात जे मोडलं जात होतं, तेच इथे मांडायचं होतं. दोन्हीकडे हेतू एकच. जे हे हॅमिल्टन यांच्याच पक्षाचे, जुने सहकारी. त्यांनी पत्राला उत्तर दिलं नाही. त्याच कागदावर एवढीच नोंद केली, की पक्षाच्या सोयीसाठी सुचवलेला हा उपाय स्वीकारणं मला शोभणार नाही. या कुळकथेत मला मनापासून आदर वाटतो तो या माणसाबद्दल.

जे यांच्यासारखे थोडे निघाले. शेजारचं राज्य गठ्ठा बांधतंय म्हटल्यावर आपणही बांधायचा, या धाकानं एकेक राज्य वळत गेलं. १८३६ पर्यंत साऊथ कॅरोलायना सोडून सगळीकडे एकगठ्ठा पद्धत आली. साऊथ कॅरोलायनात तर १८६० पर्यंत विधिमंडळच इलेक्टर नेमत होतं. मतपत्रिकेवरची इलेक्टरांची नावंही पुढे बहुतेक राज्यांत गेली. मतदाराला दिसतो तो फक्त अध्यक्षपदाचा उमेदवार.

मोडता घालायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. मिशिगननं १८९१ मध्ये जिल्हे परत आणले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं १८९२ मध्ये निर्वाळा दिला, की पद्धत ठरवणं हा विधिमंडळाचाच अधिकार. त्या वर्षी मिशिगनची १४ मतं ९ आणि ५ अशी वाटली गेली. सत्ता पालटताच तो कायदा रद्द झाला.

आज दोनच राज्यं वेगळी आहेत. मेननं १९६९ मध्ये आणि नेब्रास्कानं १९९१ मध्ये कायदा केला : राज्यात जिंकेल त्याला दोन मतं, बाकीची जिल्ह्यागणिक एक. हाही रामबाण नाही, कारण जिल्ह्यांच्या सीमा बहुतेक ठिकाणी विधिमंडळच आखतं. पण निदान लोकांचा आवाज एका रंगाखाली पुरता बुजत नाही. नेब्रास्का रिपब्लिकनांचं राज्य, तरी ओमाहा शहराच्या जिल्ह्यानं २००८ मध्ये ओबामांना, २०२० मध्ये बायडेन यांना आणि २०२४ मध्ये हॅरिस यांना मत दिलं. २०२४ मध्ये तिथल्या घरांपुढच्या हिरवळीवर पाट्या उभ्या राहिल्या : पांढरा फलक, मधोमध निळा ठिपका, अक्षर एकही नाही. लाल राज्यातलं आपलं एक मत लोक दाखवत होते. त्याच वर्षी राज्याला पुन्हा एकगठ्ठ्यात आणायचा आटोकाट प्रयत्न झाला. विधिमंडळातले रिपब्लिकन सदस्य माइक मॅकडॉनेल यांनी पाठिंबा नाकारला आणि तो प्रयत्न फसला.

पुढच्या निवडणुकीच्या रात्री नकाशा रंगू लागला की नेब्रास्काच्या पूर्वेच्या टोकाला, मिसुरी नदीच्या काठी, ओमाहा शोधा. तिथला ठिपका कोणत्याही रंगाचा असो, तो वेगळा दिसू शकतो तो १९९१ च्या एका साध्या कायद्यामुळे. असा कायदा उरलेली राज्यंही करू शकतात.